आईची परिक्रमा आणि बाबांची मोटारबोट

गेली तीन वर्षं आमच्या आईला कोणी नागपूरला नेऊ शकलेलं नाही. नागपूरचा तिला राग नाही. तिथे तिचं माहेर आहे, दोन भाऊ आहेत आणि ती ज्यांच्याशी फोनवर तासभर भांडू शकते अशा तीन वहिन्या-मावश्या आहेत. पण जबलपूरहून नागपूरला जायचं तर तिलवाऱ्याचा पूल लागतो, पुलाखाली नर्मदा असते आणि आई नर्मदेची परिक्रमा करते आहे. परिक्रमा करणाऱ्याने नर्मदा ओलांडायची नसते. नदी उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं, उगमाला वळसा घालायचा, पलीकडच्या काठाने समुद्रापर्यंत जायचं आणि या काठाने परत यायचं. मधे कुठे नदी ओलांडली की सगळं मुसळ केरात.

बाकीचे लोक घरदार सोडून निघतात आणि काही महिन्यांत परिक्रमा संपवून येतात. आईला घरदार सोडणं शक्य नव्हतं, कारण घरात बाबा होते. म्हणून तिने तुकड्या-तुकड्यांची परिक्रमा धरली. हिवाळ्यातल्या जमेल त्या रविवारी, आधी जिथवर चालून झालं होतं तिथे बसने जायचं, तिथून दहा-बारा किलोमीटर चालायचं, पुन्हा बस धरून जबलपुरात, कांचघरला घरी यायचं आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचं. जबलपूरच्याच ग्वारीघाटावरून निघून तीन हिवाळ्यांत ती मंडल्याच्या अलीकडे पोचली होती. या वेगाने परिक्रमा पुरी व्हायला तिची नव्वदी उलटेल असा हिशेब बाबांनी मांडून दाखवला. आई म्हणाली, "तोवर तुम्हालाही राहावं लागेल मग."

तुकड्यांची परिक्रमा करणाऱ्याने मधल्या दिवसांत कामापुरती नदी ओलांडली तर चालतं, असं सांगणारे तीन जाणकार आम्ही तिच्यापुढे उभे केले. तिने तिघांनाही चहा पाजून परत पाठवलं. "सोयीनंच करायची तर मग टॅक्सीच करते नं," ती म्हणाली. मामेभावाच्या लग्नात तिने जबलपूरला बसून व्हिडिओ कॉलवर फोनच्या दिशेने अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा माझ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात जाऊन बसला आणि तो काढायला मला दुकानात अर्धा तास उभं राहावं लागलं. दुकानदाराने विचारलं, चावल कैसे गया? मी म्हटलं, शादी थी.

आता हे सगळं कशासाठी, तर बाबांसाठी. चार वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. ते आत टेबलावर होते आणि आई बाहेरच्या बाकावर बसून होती. मी तिला पाणी आणून दिलं तर ती ते प्यायली नाही, नुसती भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. त्या बाकावर तिने नर्मदेला बोलून टाकलं की यांना उठवून बसव, मी तुला पायी वेढा घालीन. बाबा उठून बसले. एवढंच नव्हे तर तिसऱ्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलच्या पलंगाचा एक पाय आखूड असल्याची तक्रार केली. तेव्हा आम्हाला खात्री पटली की माणूस शाबूत आहे.

बाबा छत्तीस वर्षं इथल्या एका फॅक्टरीत माल तपासणीच्या खात्यात होते. कारागिरांनी केलेला पुर्जा यांच्या टेबलावर यायचा, हे त्याला माप लावायचे आणि पास किंवा रिजेक्ट करायचे. केसाइतका फरक असला तरी रिजेक्ट. एकदा एका वरच्या साहेबाने घाईत एक लॉट पास करायला सांगितला, तेव्हा यांनी सही केली नाही. त्यांचं प्रमोशन दोन वर्षं लांबलं, आणि त्या दोन वर्षांत आम्ही त्याबद्दल घरात एक अक्षर काढायचं नाही असा नियम होता. जित्याची खोड म्हणतात ती ही. रिटायर झाल्यावर टेबल गेलं, पण माणूस तोच राहिला. भाजीवाल्याकडचा फ्लॉवर ते उलटा करून देठाकडून बघतात. मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाला त्यांनी विचारलं होतं की तुमचा डावा खांदा खाली का आहे. तो मुलगा परत आला नाही. त्याचा खांदा खरंच खाली होता, हे मात्र मला कबूल केलं पाहिजे.

अशा माणसाला एकच शौक होता आणि तोही कधी पुरा न झालेला. त्यांना मोटारबोटीतून फिरायचं होतं. कोकणात, थंडीच्या सुट्टीत, एका खाडीतून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने दुसऱ्या खाडीत शिरायचं, रात्री गावात मुक्काम करायचा आणि सकाळी पुन्हा बोट. नोकरीत असताना हे कधी जमलं नाही. सुट्टी मिळायची तेव्हा नागपूरची लग्नं मिळायची. रिटायर झाल्यावर त्यांनी कोकणच्या किनाऱ्याचा नकाशा फ्रीजवर चिकटवला, त्यावर पेन्सिलने मुक्काम मांडले, आणि मग बायपास झाली, आणि मग आईने नवस बोलला, आणि कोकण नर्मदेच्या पलीकडे निघालं.

"कोकणच काहून, अख्खा महाराष्ट्रच पलीकडे आहे," आई म्हणाली. "त्याला मी काय करू? तुम्ही जा नं एकटे."

बाबा एकटे जाणार नव्हते. आईही त्यांना पाठवणार नव्हती. बायपासनंतर ती त्यांना एकट्याने सदर बाजारातही पाठवत नव्हती. दोघंही एकमेकांना 'जा' म्हणत होते आणि दोघांनाही ठाऊक होतं की कोणी कुठे जात नाही. नकाशा फ्रीजवर पिवळा पडत होता. मला दोघांचाही राग यायचा. आई हट्टी म्हणून, आणि बाबा तिच्या हट्टावर वर्षभर चिडचिड करतात, पण शनिवारी रात्री तिच्या बुटांच्या नाड्या तपासून ठेवतात म्हणून.

शेवटी बरगीचं मीच काढलं. बरगीच्या धरणाने नर्मदा अडवून केलेला तलाव इतका मोठा आहे की मधे उभं राहिलं तर पलीकडचा काठ धुक्यात जातो. आमच्या जबलपूरकरांचा तो समुद्रच. बँकेतल्या नोकरीमुळे मी इथेच राहते, रविवारी मोकळी असते. माझ्या नवऱ्याला त्या आठवड्यात सुट्टी नव्हती, म्हणून तो वाचला.

पर्यटकांची मोठी बोट जिथून सुटते तो धक्का दक्षिणेच्या काठावर आहे, म्हणजे आईच्या दृष्टीने तो परदेशात. पण आमच्या बाजूच्या काठावर मासे धरणाऱ्यांचं एक गाव आहे. तिथे एकाकडे इंजिनवाली नाव होती, आणि तो सुट्टीच्या दिवसांत माणसंही फिरवायचा. बाबा तीन वेळा जाऊन ती नाव बघून आले. पहिल्यांदा लांबी-रुंदी, दुसऱ्यांदा फळ्या, तिसऱ्यांदा नाववाला.

खरा घोळ पुढेच होता. नावेत बसायला आईची हरकत नव्हती, ओलांडायला होती. पण तलावात नदी ओलांडली हे ओळखायचं कसं? नदीला दोन काठ असतात, मधे धार असते. इथे तर सगळं पाणीच पाणी. आईने ग्वारीघाटावरच्या तिच्या ओळखीच्या पंडितजींना विचारलं. ते म्हणाले, "जहाँ जल, वहाँ मैया." म्हणजे तलावाचा मध्य ती हद्द. बाबांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, धरण होण्याआधी नदी ज्या पात्रातून वाहत होती ते पात्र पाण्याखाली आजही आहे, आणि तीच खरी नदी. बाकी सगळं बुडालेलं शेत. आई दोघांचं ऐकून घेऊन म्हणाली, "दोघांतली जी हद्द आपल्या काठाच्या जवळ असेल, ती माझी."

त्या भागात जुनी नदी आमच्याच काठाच्या बाजूने वाहत होती. त्यामुळे आईची हद्द जवळ आली आणि बाबांचं काम वाढलं. त्यांनी कुठून तरी धरणाच्या आधीचा नकाशा मिळवला, त्यावरून नदीची मधली रेघ कागदावर उतरवली, आणि मी ती तशीच त्यांच्या फोनमधल्या नकाशावर लाल रंगात ओढून दिली. आता फोन हातात धरला की आपण कुठे आहोत त्याचा निळा ठिपका दिसायचा आणि पुढे ती लाल रेघ. ठिपका रेघेच्या अलीकडे ठेवायचा, एवढंच. बाबा इतके खूश झाले की जेवताना त्यांनी दोन वेळा फोन उघडून बघितला. आम्ही तेव्हा कांचघरलाच होतो.

देव मानत नसलेल्या या माणसाने देवाच्या कामासाठी इतकी मेहनत घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, "देवाचा काय संबंध? स्पेसिफिकेशन दिलं आहे तिनं. पाळावं लागेल."

नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या रविवारी आम्ही निघालो. डब्यात दशम्या, तिळाची चटणी, उकडलेले शिंगाडे आणि मटारच्या करंज्या होत्या. बाबांनी चार लाइफ जॅकेट आणली होती, आणि आदल्या दिवशी ती एकेक करून कणकेच्या पिशवीला बांधून घरच्या पाण्याच्या टाकीत तरंगवून बघितली होती. एक पिशवी फुटली. आईने चडफडत टाकी धुतली, पण रविवारी सकाळी स्वतःहून जॅकेट चढवून तयार झाली. स्वेटर, त्यावर शाल, त्यावर केशरी जॅकेट. खाली नऊवारी नव्हती एवढंच, नाहीतर कुठल्या तरी मोहिमेवर निघाल्यासारखी दिसली असती.

नाववाला पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस होता. आईची परिक्रमा चालू आहे हे कळल्यावर तो खाली वाकून तिच्या पाया पडला. "नर्मदे हर, माताजी. बीच धार नहीं ले जाऊँगा. आप चिंता मत करो." बाबांनी त्याला फोनवरची लाल रेघ दाखवली. त्याने ती आदराने बघितली आणि म्हणाला, "भैया, मेरे को बिना लाइन के भी मालूम है, मैया कहाँ है." बाबांना हे उत्तर अर्थातच चाललं नाही.

तो दोर सोडायला गेला तेवढ्यात बाबांनी इंजिनची तपासणी उरकली. पंपाला लावतात तसलं ते डिझेलचं इंजिन होतं, वर तेलाची टाकी. मी बघत होते. त्यांनी वास घेतला, हात फिरवला, आणि टाकीचं झाकण हलवून बघितलं. झाकण सैल होतं, नुसतं वर ठेवल्यासारखं. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. फॅक्टरीत असा निष्काळजीपणा दिसला की त्यांचा चेहरा एकदम तरतरीत व्हायचा, तसा तो झाला. त्यांनी खिशातून नळाला लावायची पांढरी टेप काढली (ती त्यांच्या खिशात असते), आट्यांना गुंडाळली आणि झाकण दोन्ही हातांनी गच्च आवळलं. "आता ठीक आहे," ते म्हणाले.

पहिला पाऊण तास इतका छान गेला की मला त्याबद्दल लिहायलाही संकोच वाटतो. ऊन कोवळं होतं, पाणी शांत होतं. बाबा नावेच्या पुढच्या टोकाला एका हातात फोन आणि दुसरा हात कपाळावर धरून बसले होते आणि उगीचच "डावीकडे", "हं, बस" असं म्हणत होते. नाववाला आपल्या मनाने चालवत होता. दोघांचं चांगलं जमलं होतं. पाण्यातून बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे वर आलेले होते आणि प्रत्येकावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. आईचं लक्ष मात्र पाण्याकडे नव्हतं, काठाकडे होतं. पहिल्या हिवाळ्यात ती याच काठाने चालत गेली होती. "ते बघ, तो पिंपळ. तिथे एका बाईनं मला ताक दिलं होतं. आणि ती टेकडी दिसून राहिली नं? तिथे मी घसरून पडले होते. तुला सांगितलं नव्हतं." चालताना तिला पायाखालचं बघावं लागलं होतं, आज पहिल्यांदा ती आपण चाललेला रस्ता अख्खा बघत होती. "किती चालले गं मी," ती म्हणाली. इतक्या कौतुकाने ती स्वतःबद्दल कधी बोलत नाही. मला एकदम भरून आलं आणि मी तिला करंजी दिली.

बाबाही मागे वळून तो काठ बघत होते. "चांगलं आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द म्हणजे सुवर्णपदक.

आणि इंजिन बंद पडलं.

आधी ते खोकलं, मग गुरगुरलं, मग गप्प झालं. नाववाल्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. एक नळी काढून त्यात फुंकर मारली, परत लावली, दोरी ओढली. इंजिन काही बोलेना. इतका वेळ आम्हाला आवाजात कळलं नव्हतं, पण उत्तरेकडून वारा सुटला होता. आता इंजिन बंद झाल्यावर तो कानाला लागला, आणि त्याने नाव हळूहळू दक्षिणेकडे ढकलायला सुरुवात केली. म्हणजे रेघेकडे.

बाबा फोनकडे बघत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. निळा ठिपका रेघेपासून बोटभर लांब होता, मग अर्धं बोट.

"किती राहिलं?" आईने मागून विचारलं.

"पुष्कळ आहे," बाबा म्हणाले.

नाववाल्याने बांबू पाण्यात घातला, पण तो तळाला लागेना. नावेत एकच वल्हं होतं. बाबांनी फोन माझ्या हातात दिला, उठले, वल्हं उचललं आणि कडेला गुडघे टेकून जोरजोरात पाणी मारायला लागले. एका बाजूने एकच वल्हं मारलं की नाव पुढे जात नाही, गोल फिरते, हे छत्तीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. आम्ही गोल फिरलो. पिंपळ समोरून गेला, मग धरण, मग पुन्हा पिंपळ. वारा फिरत्या नावेला तसाच ढकलत राहिला.

"अहो, सोडा ते!" आई ओरडली.

"थांब तू!" बाबांचा श्वास लागला होता. "तीन वर्षं चालली आहे तू. माझ्या हौसेपायी नाही मोडू देणार."

त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर थंडीत घाम आला होता. मी हे बघत होते आणि माझ्या हातात तो मूर्ख फोन होता. त्या क्षणी मला फार भीती वाटली. आई उठली. चालत्या नावेत उभं राहायचं नाही हा नियम बाबांनीच सकाळी तीन वेळा सांगितला होता. ती सरळ उठून नाव हलवत पुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी वल्हं धरलं.

"मोडू दे!" ती इतक्या जोराने ओरडली की जवळचा पाणकावळा उडून गेला. "मोडली तर मोडली! मी कोणासाठी करून राहिले ही परिक्रमा? बसा खाली! आधी बसा!"

बाबा बसले. वल्हं आईच्या हातात राहिलं. तिने ते माझ्याकडे दिलं आणि त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या छातीवर हात ठेवला, जॅकेटवरूनच, त्यामुळे तिला काय कळलं असेल देव जाणे. मी दोन वल्ही इकडून, दोन तिकडून मारत राहिले. नावेच्या दोन्ही कडांवर आळीपाळीने जाऊन वल्हवणं म्हणजे काय हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने मला दंड दाखवायला सांगावं.

तेवढ्यात नाववाल्याचा हात टाकीच्या झाकणावर गेला. त्याने ते फिरवून बघितलं. फिरेना. त्याने खाली वाकून पांढरी टेप बघितली आणि मग एकेक करून आम्हा तिघांकडे बघितलं.

"ये ढक्कन किसने कसा?"

मी बाबांच्या खिशाकडे बघितलं.

"इसका हवा का छेद बंद है, भैया. ढक्कन ढीला रहता है तभी हवा अंदर जाती है, तभी तेल नीचे उतरता है. ढीला ही रखना पड़ता है इसको."

बाबांनी वर बघितलं. "मी आवळलं," ते मराठीत म्हणाले. मग बहुधा नाववाल्याला कळावं म्हणून: "मैंने." छत्तीस वर्षांत त्यांना कोणी चूक दाखवलेली मी पाहिली नव्हती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. पण तेव्हा हसण्याची माझी हिंमत झाली नाही. हे हसू मला तीन दिवसांनी आलं, बँकेच्या काउंटरवर, एका ग्राहकासमोर.

झाकण निघता निघेना. आई, नाववाला आणि एक कापड, एवढं लागलं. ते निघाल्यावर टाकीने सुस्कारा सोडला. मग नळीतली हवा काढण्यात आणखी वेळ गेला. या सगळ्यात मी फोन मांडीवर ठेवून वल्हं मारत होते आणि ठिपका बघत होते. तो रेघेला टेकला. मग रेघेवर आला. मग पलीकडे गेला, आणि जरासा नाही, चांगला गेला. नंतर मी मोजलं नाही, पण दोनशे मीटर तरी असतील. इंजिन सुरू झालं तेव्हा आम्ही त्या पलीकडे होतो.

नाव वळली. बाबांनी हात पुढे केला. मी त्यांना फोन दिला. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. ठिपका तेव्हा रेघेच्या पलीकडून अलीकडे येत होता.

"अहो," आई म्हणाली. तिचा आवाज आता साधा होता. "खरं सांगा. ओलांडली का?"

मी बाबांकडे बघितलं नाही. मला वाटलं, ते सांगतील. ते खोटं सांगू शकत नाहीत; त्यांनी कधी सांगितलेलं नाही, शेजाऱ्याच्या पोराच्या गाण्याबद्दलसुद्धा नाही.

"नाही," बाबा म्हणाले. "चाळीस मीटर अलीकडेच थांबलो आपण. मी सगळा वेळ बघत होतो."

सगळा वेळ फोन माझ्याकडे होता.

"नक्की?"

"नक्की. मोजलं मी."

आईने नाववाल्याकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत सुकाणू धरून बसला होता. "मैया जानें, माताजी," तो म्हणाला, आणि इंजिनचा आवाज वाढवला.

काठावर आल्यावर आईने पाण्यात उतरून हात जोडले. ती बराच वेळ तशीच उभी होती. बाबांनी नाववाल्याला उरलेल्या सगळ्या मटारच्या करंज्या देऊन टाकल्या. त्यांच्या परीने ही माफी होती. त्यांना खोव्याची जलेबी आवडते म्हणून मी परतीच्या वाटेवर जबलपुरात शिरल्यावर गाडी थांबवली, तर ती त्यांनी खाल्ली नाही. आईने विचारलं, छातीत दुखतं का? ते म्हणाले, नाही. मला ठाऊक होतं काय दुखत होतं. साहेबाचा फोन आला तरी ज्याने कधी खोट्या मालावर सही केली नाही, त्या माणसाने आज ती केली होती.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. आई ओट्याजवळ शिंगाडे सोलत होती, बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मी विचारलं, "उद्याची मंडल्याची बस किती वाजता आहे?"

"मंडल्याला नाही जाऊन राहिले," आई म्हणाली. "ग्वारीघाटावरून निघते. पहिल्यापासून."

मी म्हटलं, "पण बाबांनी तर मोजलं होतं."

"मोजलं नं. त्यांनी मोजलं म्हणजे बरोबरच असणार." ती शिंगाड्यांवरून मान वर न करता बोलत होती. "माझंच चुकलं. पहिल्या वर्षी माझे पाय दुखून राहिले होते, मन काही लागलं नव्हतं. तसं बरं नाही वाटत. पुन्हा करते नीट."

गेल्या रविवारी तिने मला तो काठ किती आनंदाने दाखवला होता हे आम्हा तिघांनाही आठवत होतं. बाबांचा पेपर हलला नाही. मी त्यांच्या बाजूने बघितलं, तर ते वाचत नव्हते. मला त्या दोघांचा इतका राग आला आणि ते दोघं मला इतके आवडले की मी उगाच जाऊन नळ बंद आहे का ते बघून आले.

"किती वाजता निघायचं?" बाबांनी पेपरमागून विचारलं.

"कुणाला?"

"आपल्याला."

आईचे हात थांबले. "तुम्ही काहून?"

"डॉक्टरांनी सांगितलं आहे चालायला."

"दहा किलोमीटर नाही सांगितलं."

"मग मी जमेल तेवढं येईन आणि मागं फिरीन."

"परिक्रमेला निघाल्यावर मागं फिरता येत नाही," आई म्हणाली. "तसा नियम आहे."

बाबांनी पेपर खाली ठेवला, त्याची नीट घडी घातली, आणि तिच्याकडे बघितलं.

"मग जरा हळू चाल," ते म्हणाले.